‘सर्व्हर डाऊन आहे’ : एका उत्तराची चिकित्सा

१

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी संध्याकाळी घरी आली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील दोघेही रोवणी-कापणीच्या मजुरीवर जगतात. लाखनीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या गावाहून ती सलग तीन दिवस येत होती आणि अर्ज भरून देणाऱ्या एका केंद्रावरून रिकाम्या हाताने परत जात होती.

“काय म्हणतात?” मी विचारले.

“सर्व्हर डाऊन हाये म्हनतेत, गुरुजी. उद्या ये म्हनतेत.”

‘उद्या ये’ हे उत्तर आपल्या समाजाला नवे नाही. ते ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगितले जाई, ‘फाईल वर गेली आहे’ असे सांगितले जाई. पण त्या उत्तराला प्रतिप्रश्न करता येत असे. कोणते साहेब? कोणत्या दौऱ्यावर? फाईल वर म्हणजे कोणाच्या टेबलावर? आमच्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न विचारायला शिकून घेतले, म्हणून काही फायली खाली आल्या. ‘सर्व्हर डाऊन आहे’ या उत्तराला मात्र प्रतिप्रश्न सुचत नाही; कारण सर्व्हर म्हणजे काय, तो कोठे असतो आणि तो बंद पडला हे सांगणाऱ्याला कसे कळले, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसते. जे ठाऊक नाही त्याच्यापुढे माणूस मान खाली घालतो. पूर्वी दैवापुढे घालत असे, आता यंत्रापुढे घालतो.

मी हायस्कुलात तीस वर्षे विज्ञान शिकवले. पण त्या मुलीला सर्व्हर समजावून सांगता येईना, याची मला लाज वाटली. सहज सुचले म्हणून तिच्याच मोबाईलवर तेच संकेतस्थळ उघडायला सांगितले. ते उघडले! आम्ही दोघे केंद्रावर गेलो. तेथला मुलगाही गरीब घरचाच, कमिशनवर काम करणारा. त्याने संगणकाच्या पडद्यावर ‘संपर्क होऊ शकत नाही’ अशा अर्थाची ओळ दाखवली. तिलाच तो सर्व्हर डाऊन म्हणत होता. प्रत्यक्षात रस्त्याच्या खोदकामात त्याच्या केंद्राची केबल तुटलेली होती. सर्व्हर ठणठणीत होता. मुलीच्या मोबाईलवरून त्याच्या संगणकाला जोडणी दिली आणि अर्ध्या तासात अर्ज भरून झाला.

त्या मुलाने कोणाला मुद्दाम अडवले नव्हते. त्यालाही ठाऊक नव्हते. तीन दिवसांची मजुरी आणि वर्षाची शिष्यवृत्ती दोन माणसांच्या अज्ञानात बुडणार होती. त्यानंतर काही महिने मी हा विषय जमेल तसा अभ्यासला. जे समजले ते शिक्षकांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी येथे मांडत आहे.

२

संगणकांचे जाळे समजण्यासाठी आधी टेलिफोन आठवावा. माझ्या तरुणपणी लाखनीहून नागपूरला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहावी लागे. कॉल जोडला गेला की लाखनीपासून नागपूरपर्यंतची एक वाट त्या दोन माणसांसाठी राखून ठेवली जाई. ती दोघे बोलोत की गप्प बसोत, ती वाट दुसऱ्या कोणाला मिळत नसे. मधली तार तुटली की बोलणे संपले.

संगणकांचे बोलणे या पद्धतीला मानवत नाही. संगणक क्षणभर पुष्कळ बोलतो आणि मग बराच वेळ गप्प राहतो. त्याच्यासाठी अख्खी वाट अडवून ठेवणे ही उधळपट्टी आहे. त्यावर १९६० नंतरच्या काही वर्षांत दोन देशांत दोन माणसांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढली. अमेरिकेतील रँड या संस्थेत पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. अणुयुद्धात दळणवळणाची मध्यवर्ती केंद्रे उडाली तरी निरोप पोहोचावा, ही त्यांची चिंता होती. इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस संगणकांच्या सोयीच्या विचारातून तेथेच पोहोचले. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा.

ती तोड अशी. समजा तुम्हाला मुंबईच्या मित्राला वीस पानी पत्र पाठवायचे आहे. ते एका लिफाफ्यात न घालता तुम्ही दोनशे पोस्टकार्डांवर लिहिले. प्रत्येक कार्डावर मित्राचा पत्ता, आपला पत्ता आणि १ ते २०० पैकी अनुक्रमांक घातला आणि सगळी कार्डे पेटीत टाकली. काही नागपूरमार्गे गेली, काही रायपूरमार्गे गेली. मागची पुढे आणि पुढची मागे पोहोचली. मित्राने अनुक्रमांक लावून पत्र जुळवले. सदतिसावे कार्ड आले नाही, तर ते पुन्हा मागवले. हे कार्ड म्हणजेच पॅकेट. ही कार्डे पुढच्या वाटेला लावणारी टपाल-वर्गीकरणाची जागा म्हणजे राउटर. राउटरला पूर्ण वाट ठाऊक नसते. या पत्त्याचे कार्ड पुढच्या कोणत्या नाक्यावर द्यायचे एवढेच त्याला ठाऊक असते, आणि एवढे पुरते.

आमच्या भंडारा जिल्ह्यात तलाव पुष्कळ. त्यांत जाळे टाकणाऱ्या धीवर बांधवांना हे सांगावे लागत नाही. जाळ्याची एक गाठ सुटली म्हणून जाळे वाया जात नाही. ज्या जाळ्याला एकच मधली गाठ असेल ते जाळेच नव्हे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘अर्पा’ या संशोधनसंस्थेने या कल्पनेवर अर्पानेट उभारले. ते अणुयुद्धासाठी बांधले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. महागडे संगणक विद्यापीठांना दुरून एकमेकांत वाटून वापरता यावेत, हा मुख्य हेतू होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेतील संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. इंग्रजीतली ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने दुरुस्ती झाली आणि शब्द पूर्ण गेला. जगाच्या या जाळ्याचा पहिला दिवसही ‘डाऊन’नेच सुरू झाला होता. फरक एवढाच, की तेथे बसलेल्यांना काय बिघडले ते शोधता येत होते.

३

जाळ्यात प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. टपालाचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यातला पहिला अंक विभाग सांगतो, पहिले दोन अंक उपविभाग आणि पहिले तीन वर्गीकरणाचा जिल्हा; शेवटचे तीन अंक डाकघराचे. इंटरनेटचा पत्ता, ज्याला आय.पी. पत्ता म्हणतात, साधारण याच रीतीने वाचला जातो. आधी मोठे जाळे, मग त्यातले लहान जाळे, मग यंत्र. जुन्या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य आणि एक यांच्या ३२ जागांचा आहे. त्यातून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात. जगाची लोकसंख्या त्याहून मोठी, म्हणून आता १२८ बिटांचे नवे पत्ते आले आहेत.

आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची व्यवस्था तयार केली. आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो. आपला संगणक नाव-सांगणाऱ्या संगणकाला आधी विचारतो की या नावाचा आकडी पत्ता काय, आणि मग त्या पत्त्यावर निरोप पाठवतो. हा नाव-सांगणारा गप्प बसला, तर सर्व्हर चालू असूनही संकेतस्थळ उघडत नाही.

पत्त्याविषयी आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. मी लहान असताना आमच्या घरी येणाऱ्या पत्रावर गावाच्या नावाआधी वस्तीचे नाव असे आणि वस्तीचे नाव म्हणजे जातीचे नाव. पत्र उघडण्यापूर्वीच ते हाताळणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कोण ते कळे. महाराष्ट्रातील वस्त्यांची ही जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, म्हणजे अगदी काल. पॅकेटवर मात्र पाठवणाऱ्याचा आकडा, घेणाऱ्याचा आकडा आणि इतर काही आकडे असतात. मधल्या राउटरला कार्ड कोणाचे हे विचारायचे कारण नसते. एवढ्यापुरते हे यंत्र आपल्या गावाहून पुढे आहे. पण हे यंत्राचे औदार्य नव्हे. माणसांनी नियम तसा लिहिला म्हणून यंत्र तसे वागते. उद्या वेगळा नियम लिहिला, तर ते वेगळे वागेल.

४

तो नियम कोणी आणि कसा लिहिला, हा इतिहासाचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९७० नंतर अर्पानेटसारखी अनेक जाळी निघाली. काही तारांवरची होती, काही रेडिओवरची, काही उपग्रहावरची. प्रत्येकाची रीत निराळी. ही जाळी एकमेकांशी बोलणार कशी? व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये एक करार सुचवला. प्रत्येक जाळ्याने आत काय करायचे ते करावे, पण सीमेवर पॅकेट एकाच ठरलेल्या रूपात द्यावे-घ्यावे. त्यातून टी.सी.पी. आणि आय.पी. हे दोन नियमसंच आले. आय.पी. फक्त पॅकेट पुढे ढकलतो. पोहोचण्याची हमी देत नाही. टी.सी.पी. दोन टोकांच्या संगणकांत बसतो. तो अनुक्रमांक लावतो, रजिस्टर टपालासारखी पोहोचपावती मागतो आणि पावती आली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवतो. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट या नियमांवर आले. जाळ्यांना जोडणारे जाळे म्हणून त्याचे नाव इंटरनेट.

हे नियम ज्या कागदांत लिहिले गेले, त्या मालिकेचे नाव ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’ म्हणजे ‘अभिप्रायासाठी विनंती’. त्यातला पहिला कागद एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिलेला. तो ज्या मित्रांकडे राहत होता त्यांची झोप मोडू नये म्हणून त्याने तो रात्री न्हाणीघरात बसून लिहिला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. आपण विद्यार्थी, आपल्याला नियम करण्याचा अधिकार काय, या संकोचातून त्याने ‘नियम’ न म्हणता ‘विनंती’ म्हटले. ती रीत टिकली. हे कागद आजही कोणालाही विनामूल्य वाचता येतात. १९८९ मध्ये युरोपातील सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी ‘वेब’ची कल्पना मांडली. त्या प्रयोगशाळेने ३० एप्रिल १९९३ रोजी ती सर्वांसाठी खुली केली, कोणतेही शुल्क न ठेवता.

आपण अशा परंपरेत वाढलो, जिने ज्ञान कानावर पडू नये म्हणून बंदोबस्त केला. म्हणून मला हे नोंदवावेसे वाटते, की इंटरनेट जगभर पसरले ते त्याचे नियम लपवले नाहीत म्हणून. त्याच काळात कंपन्यांची बंदिस्त जाळीही होती. ती खुल्या जाळ्यापुढे टिकली नाहीत.

५

हे जाळे आपल्याकडे कसे आले? १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘एर्नेट’ हे शिक्षण व संशोधनाचे जाळे सुरू केले. पाच आय.आय.टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र या संस्था त्यात होत्या. जुहूच्या केंद्राचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमाणी होते. त्या केंद्रात आणि पवईच्या आय.आय.टी.त साध्या टेलिफोन लाइनवरून ई-मेलची देवाणघेवाण झाली. भारतातील इंटरनेटच्या आरंभाचा एक मोठा भाग असा महाराष्ट्रात घडला आहे. सामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सेवा उघडली, ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली.

मुंबईचे महत्त्व समुद्रामुळे आहे. १८७० मध्ये एडनमार्गे आलेली समुद्री तार मुंबईला पोहोचली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. आजही परदेशातून येणाऱ्या अनेक समुद्री केबली मुंबईच्याच किनाऱ्याला लागतात. आपल्याकडच्या मोबाईलवरचा निरोप आकाशातून उपग्रहावर जातो अशी पुष्कळांची समजूत आहे. तो जवळच्या मनोऱ्यापर्यंतच हवेतून जातो. तेथून बहुधा जमिनीतल्या काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपाने जातो. लाखनी महामार्गावर आहे. पूर्वी ज्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणत आणि आता ५३ म्हणतात, तो हा रस्ता. अशा रस्त्यांच्या कडेने हे तंतू पुरलेले असतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. लाखनी ते मुंबई अंतर सुमारे नऊशे किलोमीटर, म्हणजे प्रकाशाला पाच हजारांश सेकंदही लागत नाहीत. तेव्हा ‘आपण लांब आहोत म्हणून वेळ लागतो’ हे कारण मान्य करू नये. उशीर वाटेतल्या गर्दीमुळे होतो, तुटलेल्या जोडणीमुळे होतो किंवा त्या टोकाला कामाच्या मानाने अपुरे संगणक ठेवल्यामुळे होतो.

भाषेचीही एक वाट होती. जाळे इंग्रजी अक्षरांवर उभे राहिले. मराठीत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तोच फाँट नसेल तर चिन्हांची खिचडी होऊन दिसे. मासिके चालवणाऱ्या आपल्या मित्रांनी हा त्रास पुष्कळ सोसला आहे. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोड संहितेत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा कायमचा क्रमांक मिळाला. ‘लाखनी’ या शब्दात ल, काना, ख, न आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. आजच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणून हा शब्द पंधरा बाइटांचा होतो. २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी नावही सुरू झाले. पत्ता आता आपल्या लिपीत लिहिता येतो.

सरकारने २०११ मध्ये सर्व ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. उद्दिष्ट सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींचे होते. आपल्या गावात ती तार आली आहे काय, आली असेल तर चालू आहे काय आणि ती ग्रामपंचायतीच्या कपाटापाशी थांबली की वस्तीच्या शाळेपर्यंत गेली, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतः पाहून घ्यावे.

६

आता मूळ मुद्दा. मधले जाळे सर्व पॅकेटांना सारखे वागवते. विषमता दोन्ही टोकांना आहे. एका टोकाला मोबाईल कोणाच्या हातात आहे, महिन्याचे पैसे कोण भरतो, मुलीच्या हाती फोन द्यायला घरचे तयार आहेत काय, असे प्रश्न आहेत. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर गेली तेव्हा तीन भावंडांत एक फोन असलेल्या घरांनी हे भोगले. दुसऱ्या टोकाला अर्ज कोणत्या भाषेत आहे, मुदत किती, संगणक किती ताकदीचे ठेवले आहेत आणि बिघाडाने मुदत हुकली तर जबाबदारी कोणाची, असे प्रश्न आहेत. हे प्रश्न तंत्राचे नाहीत, कारभाराचे आहेत.

आणि मधली समानताही आपोआप टिकत नाही. काही संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे देऊन, अशी योजना मोठ्या कंपन्यांनी भारतात आणली होती. गरिबांना ‘थोडे इंटरनेट’ फुकट द्यावे, असा तिचा देखावा होता. म्हणजे गावाला एक विहीर, पण आमच्यासाठी तिच्यातला वेगळा कोपरा! लाखो लोकांनी ई-मेल पाठवून विरोध केला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुराप्रमाणे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली. वसतिगृहातील मुलींच्या मोबाईलवर बंधन घातल्याचा तो खटला होता. हे निर्णय आपल्या कार्यकर्त्यांच्या वहीत असले पाहिजेत.

७

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर यापुढे कसे तपासावे, ते सांगून थांबतो. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरवणारा दूरचा एक संगणक, यापलीकडे त्यात गूढ नाही. आपण आणि तो यांच्यामध्ये चार-पाच टप्पे आहेत. आपले यंत्र, खोलीतला राउटर, सेवा पुरवणाऱ्याची लाइन, मोठे जाळे आणि मग सर्व्हर. बिघाड कोणत्याही टप्प्यावर असू शकतो.

आधी त्याच संगणकावर दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडले नाही तर दोष बहुधा केंद्राच्या जोडणीत आहे, सर्व्हरमध्ये नाही. दुसरे उघडते पण हवे ते उघडत नाही, असे असेल तर तेच मोबाईलवर पाहावे, वेगळ्या कंपनीच्या जोडणीवर. तेथे उघडले तर केंद्र बदलावे किंवा मोबाईलची जोडणी द्यावी. तेथेही नाही, तर नागपूरच्या किंवा पुण्याच्या मित्राला फोन करून पाहायला सांगावे. त्यालाही उघडत नसेल, तेव्हाच ‘सर्व्हर डाऊन’ हे शब्द बहुतांशी खरे मानावेत. मग पडद्याचे छायाचित्र तारीख-वेळेसह घ्यावे, ज्या कार्यालयाचे संकेतस्थळ आहे तेथे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि मुदतवाढ मागावी. दहा विद्यार्थ्यांची अशी छायाचित्रे एकत्र आली की ती रडकथा राहत नाही, पुरावा होतो.

शिक्षकांना माझी विनंती आहे की वर्षातून एक तास यासाठी काढावा. पाटीवर हे पाच टप्पे काढावेत आणि मुलांच्याच फोनवर तपासून दाखवावे. जून महिन्यात मी हा तास आमच्या वस्तीच्या वाचनालयात घेतला. फळ्यापाशी मी उभा नव्हतो. ती विद्यार्थिनी उभी होती, आणि समोर बसलेल्यांत त्या केंद्रावरचा मुलगाही होता.